न्हावऱ्यापुढचा ओढा

गुहागरहून पहाटेच्या गाडीने निघालो तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पायाशी हापूसची पेटी, मांडीवर पिशवी, पिशवीत नातीसाठी बायकोने शिवलेली दोन झबली. बायको छत्री घ्या म्हणत होती, मी घेतली नाही. मे महिना, त्यात देशावर जायचं, तिथे छत्री कशाला? तीस वर्षं कोकणात एस.टी. चालवून मी निवृत्त झालो. पावसाबद्दल मला कुणी काही सांगावं असं उरलेलं नाही, अशी माझी समजूत होती.

मुलगी सायली शिरूर तालुक्यात कवठे येमाईला दिली आहे. जावई किरण रांजणगावच्या एका कारखान्यात आहे. सायलीही तिथेच नोकरीला होती, तिथेच दोघांचं जमलं. बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि तिसऱ्या महिन्यात नातीला घेऊन सासरी गेली. त्यानंतर घर फार रिकामं वाटायला लागलं, म्हणून मी निघालो.

पुण्यात गाडी बदलली. वाघोली मागे पडली तसं समोरचं आभाळ काळं होत गेलं. कोरेगाव भीमाच्या पुलावर गाडी हळू झाली, तेव्हा मी खिडकीतून नदी पाहिली. या दिवसांत नदीत खडक दिसायचे, डबकी दिसायची. मला दिसलं ते काठोकाठ तांबडं पाणी. त्यात बाभळीची एक अख्खी फांदी गोल फिरत चालली होती. शेजारी कारखान्याच्या गणवेशातला एक माणूस बसला होता. मी नदीकडे बघतोय हे पाहून तो म्हणाला, "आठ दिस झालं, रोज हाय. ह्याला वळीव म्हनायचं न्हाई. वळीव येतो आन् जातो. ह्यो येतो आन् बसतो."

शिरूरच्या स्टँडवर किरण त्याची लहान गाडी घेऊन न्यायला आला होता. स्टँडवर घोट्याएवढं पाणी होतं. माणसं चपला हातात घेऊन चालली होती आणि कुणाच्याही चेहऱ्यावर पाऊस आल्याचा आनंद नव्हता. आमच्याकडे सात जूनला पाऊस आला की माणसं ओटीवर येऊन उभी राहतात. इथे सगळे खाली मान घालून चालले होते.

कवठ्याला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती, पण वीज नव्हती. नात माझ्याकडे टक लावून पाहत राहिली आणि मग रडली. माझे व्याही सोपानराव अंगणात गोणपाट डोक्यावर घेऊन उभे होते. "या पाव्हणं," एवढं म्हणून ते पुन्हा मागच्या बाजूला गेले. मागे त्यांची कांद्याची बराख (कांदा साठवायची हवेशीर, जाळीच्या भिंतींची लांबट झोपडी) होती. वादळाने तिच्या छपराचे पत्रे उचलले होते आणि आठ दिवस आत पाणी गळत होतं. रब्बीचा सगळा कांदा त्यात भरलेला. सोपानराव आणि विहीणबाई रोज ओला कांदा निवडून बाहेर काढत होते आणि वर ताडपत्री बदलत होते. सडणाऱ्या कांद्याचा वास घरात, अंथरुणात, पाण्याच्या तांब्यात, सगळीकडे होता.

विहीणबाईंचं नाव कौसल्याबाई. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. मला त्या इवाई (व्याही) म्हणतात आणि समोर बसून बोलत नाहीत, दाराच्या कडेला उभ्या राहून बोलतात. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मासवडी केली होती. नाव ऐकून कोकणातला माणूस फसतो. त्यात मासळी नसते. बेसनाच्या पारीत तीळ, खोबरं, लसूण यांचं सारण भरून वड्या कापतात आणि झणझणीत रश्श्याबरोबर बाजरीच्या भाकरीशी खातात. दिवसभर कांदे उपसून त्यांनी हे सगळं चुलीवर केलं होतं. मी छान झालंय म्हणालो. त्या म्हणाल्या, "आमच्या आप्पाला लई आवडायची." मग जरा थांबून, "आवडती."

त्या गेल्यावर सायलीने सांगितलं. आप्पा म्हणजे विहीणबाईंचे थोरले भाऊ, कासुर्डीला राहतात. आई लहानपणीच गेली. आप्पांनीच बहिणीला वाढवलं, लग्न करून दिलं. गेल्या भाऊबीजेला दोघांचं भांडण झालं. आप्पांच्या तोंडात जखम होती आणि तंबाखू सुटत नव्हती. विहीणबाईंनी तंबाखूची पिशवी उचलून सगळ्यांसमोर चुलीत टाकली. आप्पा म्हणाले, पुन्हा माझ्या दारात येऊ नको. त्या म्हणाल्या, न्हाई येत. तेव्हापासून सहा महिने ना फोन, ना जाणं. मधे आप्पांचं ऑपरेशन झालं, तेही यांना दुसऱ्यांकडून कळलं.

रात्रभर पाऊस पडला.

सकाळी सात वाजता मी चहा घेत होतो, तेव्हा विहीणबाईंचा फोन वाजला. भाचेसून मनीषा बोलत होती. तिचा आवाज मोठा होता, मला बसल्या जागी ऐकू आला. "आत्या, आप्पांचं काय खरं न्हाई. डॉक्टर म्हनले घरी न्या, म्हनून काल घरी आनलं. रातभर तुमचं नाव घेत्यात. येताय का?"

विहीणबाई फोन हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सोपानराव बराखीतून आले. किरण पहाटेच कंपनीच्या बसने पहिल्या पाळीला गेला होता, पण त्याची गाडी दारात होती. सोपानरावांना गाडी येत नाही आणि ताडपत्री सोडून जायची सोयही नव्हती. बराखीचा एक खांब कलला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चावी द्या."

कवठ्याहून कासुर्डीला जायचा सरळ रस्ता म्हणजे मलठण, शिरूर, न्हावरा, मग पारगावला भीमेचा पूल ओलांडून दौंड तालुक्यात चौफुला, आणि तिथून पुणे-सोलापूर रस्त्याने मागे यवत, कासुर्डी. एरवी दोन-अडीच तास. साडेसातला आम्ही निघालो. विहीणबाई मागच्या सीटवर बसल्या. व्याह्याशेजारी पुढे बसायची रीत नाही.

मलठणपर्यंत रस्त्यावर कुठे कुठे पाणी होतं, पण वाहतं नव्हतं. दोन्ही बाजूंना उन्हाळी बाजरी आडवी झाली होती. एका ठिकाणी विजेचा खांब कालव्यात वाकून पडला होता. शिरूरला घोडनदी पुलाच्या खाली हातभर राहिली होती आणि पुलावर माणसं उभी राहून मोबाईलवर तिचे फोटो काढत होती. मागे विहीणबाई एकदाच बोलल्या, "इवाई, जमंल तेवढं लवकर."

न्हावऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, "पारगावचा पूल चालू हाय. पर मधी वडा हाय ना, त्यो रातीपासनं फरशीवरनं चाललाय. बगा जाऊन."

आम्ही गेलो. दहा मिनिटांत रस्ता उतरायला लागला आणि पुढे गाड्या उभ्या दिसल्या. सहा-सात मोटारी, एक ट्रॅक्टर, बऱ्याच दुचाक्या. मी उतरून पुढे चालत गेलो.

ओढा एरवी काय असेल ते मला माहीत नाही. तेव्हा तो शंभर पावलं रुंद होता. रस्त्याचा फरशी पूल, म्हणजे ठेंगणा, कठडे नसलेला पूल, पाण्याखाली गेला होता. अशा पुलाच्या दोन्ही कडांना दगड रोवलेले असतात, पांढरा रंग दिलेले. ते दिसत असले तर जायचं, ते बुडाले तर थांबायचं, हे आम्हाला नोकरी लागली तेव्हाच शिकवलं होतं. अलीकडचे दोन दगड दिसत होते. मधले एकही दिसत नव्हते. पाणी आवाज न करता चाललं होतं, आणि मधोमध त्याची पाठ थोडी वर आलेली दिसत होती. तिथे ओढ जास्त असते.

काठावर धोतर, पैरण आणि डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेले एक म्हातारबाबा उभे होते. त्यांचं शेत तिथेच होतं. रात्री त्यांची पाण्याची मोटर वाहून गेली होती. मी विचारलं, "मामा, पाणी वाढतंय की उतरतंय?"

"फाटंला छातीइतकं हुतं. आता मांडीइतकं आसंल. उतरंल. पर वर पाऊस हाय," ते वरच्या बाजूच्या काळ्या आभाळाकडे बघत म्हणाले. "सांगता येत न्हाई."

मी परत येऊन विहीणबाईंना सांगितलं, थोडं थांबू. त्यांनी मान हलवली. तेव्हा साडेनऊ झाले होते. मनीषाचा फोन आला. विहीणबाईंनी सांगितलं की न्हावऱ्यापुढं हाय, पानी हाय, येतोय. मनीषाने फोन आप्पांच्या कानाला लावला असावा, कारण विहीणबाई एकदम वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "आप्पा, मी कौशी. येतीय मी." पलीकडून काही आलं की नाही कळलं नाही. रेंज गेली.

पाऊण तासाने दुधाचे कॅन भरलेली एक पिकअप मागून आली आणि रांगेच्या बाजूने थेट पुढे गेली. चालक तिशीचा, बनियन घातलेला. तो खाली उतरला, पाण्याकडे बघितलं, विडी पेटवली. त्याने मला गाडीजवळ पाहिलं आणि मागे विहीणबाई दिसल्या. "आजारपन हाय का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "मग चला की. माझी गाडी जड हाय, मी पुढं होतो. तुमी माझ्या चाकामागं चाक ठिवा. नीट काढतो."

विहीणबाई हे ऐकत होत्या. काच खाली करून त्या म्हणाल्या, "इवाई, हा मानूस म्हनतोय तर जाऊ या का?"

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, जी मी तेव्हा त्यांना सांगू शकलो नाही. बावीस वर्षांपूर्वी, श्रावणात, माझी बस अशाच एका मोरीपाशी थांबली होती. मोरीवरून पाणी चाललं होतं. गाडीत चाळीस माणसं, संध्याकाळची वेळ, सगळ्यांना घर गाठायचं होतं. सगळे म्हणत होते, घाला, तुम्ही जुने आहात. मी बस घातली. बस जड, पाणी चाकाच्या निम्म्याला. पार झालो. माणसांनी माझी पाठ थोपटली. माझ्या मागे एक जीप होती, तीही तासभर थांबलेली. बस गेली हे बघून ती आली. आरशात मला तिचे दोन दिवे दिसत होते. मग ते आडवे झाले आणि मग दिसेनासे झाले. आत दोघं सख्खे भाऊ होते. चौकशीत जीपवाल्याने स्वतःहून गाडी पाण्यात घातली असं लिहिलं गेलं, माझ्यावर काही आलं नाही. घरी मी एवढंच सांगितलं होतं की वाटेत एक अपघात बघितला.

मी पिकअपवाल्याला म्हणालो, "मी नाही येत. तुम्हीही थांबा."

"मला दूध हाय, काका. नासंल," तो म्हणाला, आणि गेला. पिकअप पाण्यात शिरली. मधोमध ती एका बाजूला हातभर सरकली. मग पुढची चाकं चढणीला लागली आणि ती पलीकडे वर निघून गेली. त्याने हॉर्न वाजवला. पाठोपाठ ट्रॅक्टर गेला, तोही पार झाला.

विहीणबाई गाडीतून उतरून माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "ग्येले की, इवाई."

"हो."

"आपन?"

"नाही ताई. त्या गाड्या जड आहेत. आपली हलकी आहे, ती तरंगेल."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या रस्त्याकडे पाहिलं. त्या पायीच निघतील, असं मला क्षणभर वाटलं. मी सहज एक पाऊल त्यांच्या पुढे गेलो. त्यांना ते कळलं. त्या गाडीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने वरच्या अंगाला पुन्हा जोराचा पाऊस सुरू झाला आणि अलीकडच्या दोन दगडांपैकी एक बुडाला. साडेअकराला मी गाडी वळवली. तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, कोरेगाव, थेऊर असा मोठा वळसा घालून जायचं ठरवलं. त्या रस्त्याने नद्यांवर मोठे पूल आहेत. वळताना आरशात विहीणबाईंचा चेहरा दिसला आणि मी आरसा थोडा वर केला.

शिक्रापूरपर्यंत बरं गेलं. नगर-पुणे रस्त्याला लागलो आणि सणसवाडीच्या पुढे सगळं थांबलं. कोरेगाव भीमाच्या अलीकडे रस्त्यावरच पाणी होतं. नदीचं नव्हे, माळावरून उतरलेलं. ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, सगळ्या एकमेकांना चिकटून उभ्या. पाळी सुटलेले कामगार गुडघाभर पाण्यातून डबे डोक्यावर धरून चालत होते. मी एका हॉटेलच्या चढावर गाडी लावली. हॉटेलवाल्याने दुकानातला फ्रीज टेबलावर चढवला होता. तो म्हणाला, "वडं बुजवलं आन् वर भिंती घातल्या. पान्यानं कुठनं जायचं? रस्त्यानंच जानार."

एक बिहारी कामगार आमच्या काचेजवळ येऊन सांगून गेला, "चाचाजी, आगे गड्ढा है, दो बाइक गिर गया. यहीं रुकिए." त्याच्या पायातून रक्त येत होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं.

मी विहीणबाईंना चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला, पण प्यायला नाही. चहावर साय धरली. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि गाडीत दोघांच्या श्वासाने काचा धुरकट झाल्या होत्या. मला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. नातीबद्दल, आंब्यांबद्दल, कशाबद्दलही. मी काच पुसत राहिलो. मनात सारखा एकच हिशेब चालला होता. पिकअपच्या मागे गेलो असतो तर साडेअकरा-बाराला कासुर्डीत असतो.

साडेतीनला फोन आला. या वेळी मनीषाचा आवाज मोठा नव्हता. विहीणबाईंनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या, फोन पदरात गुंडाळून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "आप्पा ग्येले. तीन वाजता."

मी मागे वळलो. त्या समोर, पाण्याकडे बघत होत्या.

"आता सावकाश चालवा, इवाई," त्या म्हणाल्या. "आता घाई न्हाई."

एस.टी.त असताना प्रवाशांनी मला रागाने पुष्कळ काही सुनावलं असेल. त्यातलं काहीही त्या वाक्याएवढं लागलं नाही, आणि त्या रागाने बोललेल्याही नव्हत्या.

चारला रस्ता सुटला. भीमेचा पूल ओलांडताना दोघांनीही नदीकडे पाहिलं नाही. थेऊरवरून सोलापूर रस्त्याला लागलो, उरुळी कांचन मागे टाकलं आणि पावणेसहाला कासुर्डीत आलो. आप्पांचं घर गावापासून जरा लांब, मळ्यात. दोन्ही बाजूंना झेंडू आणि शेवंती. आठ दिवसांच्या पावसाने झाडं आडवी होऊन फुलं चिखलात पडली होती. पडवीत माणसं बसली होती. आमची गाडी बघून ती उठली आणि त्यांनी वाट करून दिली.

विहीणबाई आत गेल्या. रडण्याचा आवाज येईल म्हणून मी बाहेर उभा होतो. आवाज आला, पण तो इतर बायकांचा. त्यांचा नव्हता.

बाहेर वेगळीच अडचण होती. गावाची स्मशानभूमी ओढ्याकाठी, आणि तिच्या शेडमध्ये कमरेएवढं पाणी. लाकडं सगळी भिजलेली. आप्पांचा मुलगा संतोष, चाळिशीचा, हातापायाला चिखल लागलेला, शेजाऱ्यांशी बोलत होता. शेवटी ठरलं की मळ्यातल्याच उंच कडेला, विहिरीपलीकडे दहन करायचं. पाऊस बारीक चालूच होता, म्हणून वर आडोसा हवा. गोठ्याच्या छपराचे चार पत्रे काढले. म्हशी पावसात उभ्या राहिल्या. चार बांबू रोवून त्यावर पत्रे बांधले. ते बांधायला मीही लागलो. हाताला काम मिळालं म्हणून बरं वाटलं. जवळच एकाचं गुऱ्हाळ होतं. त्याने शेडमध्ये ठेवलेली उसाची कोरडी चिपाडं ट्रॉली भरून आणली. घरोघरच्या बायकांनी माळ्यावरच्या गोवऱ्या पदराखाली झाकून आणल्या. कुणीतरी चिखलातला झेंडू वेचून बादलीत धुतला आणि त्याचा हार केला.

उजेड असतानाच सगळं झालं. चिपाडं भडकन पेटली. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि खाली जाळ होता. बायका विहिरीपाशी थांबल्या होत्या. विहीणबाई त्यांच्यात नव्हत्या, त्या एकट्या पुढे येऊन बांधावर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी मागे बोलावलं नाही.

त्या मुक्कामात मी मनीषाला विचारलं, आप्पा काही बोलले का. ती चूल सारवत होती. तिने हात थांबवले नाहीत. "सकाळी फोनवर आत्यांचा आवाज कळला त्यास्नी. मग सारखं इचारत हुते, कुठवर आली, कुठवर आली. मी म्हनायची, पारगावला आल्या. दुपारी एकदा म्हनले, कौशीला म्हनावं भिजू नको. मग न्हाई बोलले."

दुसऱ्या दिवशी सोपानराव न्हावऱ्याच्या रस्त्याने आले. बराखीचा खांब रात्रीच पडला होता, निम्मा कांदा चिखलात गेला होता. मी त्यांना ओढ्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "काल दुपारी दोनला उतरला म्हनं. समदी गेली पलीकडं. कुनाला काय झालं न्हाई."

मला खरं सांगायला हवं. तिथे काही वाईट घडलं असतं तर मला हायसं वाटलं असतं. एवढा विचार मनात आला आणि मला माझी लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सावडायचं झालं. राख ओली होती, हाताला चिकटत होती. सगळे घरी परतल्यावर विहीणबाई पडवीच्या कडेला बसल्या होत्या. मी समोरच्या खांबापाशी बसलो आणि त्यांना ती बसची आणि जीपची गोष्ट सांगितली. सुरुवातीपासून, काही न गाळता. माझ्या बायकोलाही मी ती कधी सांगितली नव्हती. शेवटी म्हणालो, "मी त्या दिवशी पाण्याला नाही घाबरलो ताई. मागे येणाऱ्यांना घाबरलो. पण माझ्यामुळे तुमची भेट चुकली."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या दोगा भावांच्या घरी तुमी गेला हुता का कवा?"

"नाही."

"का?"

"आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिलो. मग फार उशीर झाला असं वाटलं."

त्यांनी मान हलवली. "मला राग आला तुमचा. आजून हाय, खोटं कशाला बोलू. त्या वड्याचा हाय, पावसाचा हाय." त्या पदराच्या टोकाला लागलेला चिखल नखाने खरवडत होत्या. "पर इवाई, सा महिनं रस्ता कोरडा हुता. दिवाळीपासनं वैशाखापर्यंत. यष्टी हुती, पोराची गाडी हुती. तवा मला कुनी आडवलं हुतं?"

आतून मनीषाने जेवायला हाक मारली. त्या उठल्या. पहिल्यांदाच त्यांनी माझं ताट स्वतः समोर बसून वाढलं. पिठलं, भाकरी आणि मीठ. दुसरं काही करायचं नव्हतं.

दशक्रियेपर्यंत त्या तिथेच राहणार होत्या. दशक्रियेला येईल तेव्हा न्यायला किरणची गाडी तिथेच ठेवली आणि मी यवतहून पुण्याची गाडी पकडली. त्या दिवशी आठवड्यातलं पहिलं ऊन पडलं होतं. रस्त्याकडेला माणसं गाद्या, सतरंज्या, वह्यापुस्तकं वाळत घालत होती. शेतांत पाणी साठून आरशासारखं चमकत होतं. ज्या गावांत मे महिन्यात टँकरची वाट बघतात त्या गावांतून मी चाललो होतो, आणि प्रत्येक गावात माणसं पाणी बाहेर काढत होती.

गुहागरला उतरलो तेव्हा आमच्याकडे पावसाला अजून सुरुवात नव्हती. शेजारीपाजारी विचारायला आले, कसा झाला प्रवास. मी पाऊस सांगितला, ओढ्यापाशी गाडी थांबवली ते सांगितलं, मासवडी सांगितली, नात किती वाढली ते सांगितलं. एकाने बातम्यांत पूर बघितला होता. तो म्हणाला, तुम्ही जुने ड्रायव्हर म्हणून सुखरूप आलात, बरोबर तिथेच थांबलात. मी हो म्हणालो.

बरोबर थांबलो हे मलाही वाटतं. उद्या तसाच ओढा समोर आला, दगड बुडालेले दिसले आणि मागे कुणी माझ्या भरवशावर उभं असलं, तर मी पुन्हा गाडी उभी करीन. आणि त्या दिवशी दुपारभर एक माणूस "कुठवर आली" म्हणून विचारत होता, हेही माझ्याबरोबर राहील. यातल्या एका गोष्टीने दुसरी फिटत नाही. हे लिहिलं म्हणजे फिटेल असं वाटलं होतं, तेही झालेलं नाही.